रोल आधी मोजायचा, मग वाजवायचा

प्रश्न असा आला आहे: “अमेरिकेत ओहायोमधल्या एका छोट्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी काम करतो. एका कुटुंबाने जुना पियानोला (कागदी रोलवरून आपोआप वाजणारा पियानो) आणि त्याचे 430 कागदी रोल देणगी दिले आहेत. सगळं तळघरात ठेवलं आहे, वाद्य अर्धवट चालतं. वरिष्ठ म्हणतात, सगळे रोल एकदा वाजवून ध्वनिमुद्रण करा आणि कागद काढून टाका, जागा नाही. त्यात वीसेक रोल लालसर कागदाचे आणि इतरांपेक्षा रुंद आहेत. काय करावं?”

वाजवू नका. निदान आत्ता तरी नका. जागेचं दुखणं सगळ्याच संग्रहांना असतं, त्यामुळे तुमच्या वरिष्ठांचा हिशेब मला कळतो. पण ते रोलला ग्रामोफोनची तबकडी समजतायत आणि गडबड तिथेच होते आहे. तबकडीत आवाज कोरलेला असतो. रोलमध्ये आवाज नसतोच. त्यात भोकं असतात, आणि ती एवढंच सांगतात की कुठली पट्टी कधी दाबायची आणि किती वेळ दाबून ठेवायची. येवल्याला जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ टांगलेली असते ना, तसंच हे. त्या पुठ्ठ्यांवर पैठणी नसते, पण पुठ्ठे फेकून दिले तर ती नक्षी पुन्हा विणता येत नाही. आणि तुमच्या तळघरातल्या डुगडुगत्या वाद्यावर केलेलं मुद्रण म्हणजे निम्मे धागे तुटलेल्या मागावर विणलेलं एक पातळ. तेवढंच ठेवून पुठ्ठे जाळायचे का, हे वरिष्ठांना विचारा.

पेटीचा भाता ठाऊक असेल तर हे यंत्र समजायला वेळ लागत नाही, फक्त उलटं धरायचं. पेटीत भाता हवा ढकलतो, पियानोलात पायाखालचे भाते हवा ओढून घेतात. समोर पितळेची एक आडवी पट्टी असते, तिला ट्रॅकर बार म्हणतात. तिच्यात पियानोच्या प्रत्येक सुरासाठी एकेक भोक असतं आणि कागद तिच्या अंगावरून सरकतो. कागदातलं भोक बारच्या भोकावर आलं की बाहेरची हवा आत शिरते, चामड्याची पातळ थैली फुगून झडप उचलते, त्या सुराचा छोटा भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. एडविन व्होटीने 1895 मध्ये हे यंत्र बनवलं तेव्हा ते पियानोपुढे ढकलून ठेवायचं वेगळं कपाट होतं, त्याची लाकडी बोटं पियानोच्या पट्ट्या दाबायची. पियानोच्या पोटात ते नंतर गेलं. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचा कागद वेगळा, भोकांची मांडणी वेगळी. 1908 मध्ये अमेरिकी उत्पादकांनी बफेलो शहरात बसून माप ठरवलं: रुंदी 11¼ इंच, आणि 88 सुरांच्या रोलसाठी इंचाला 9 भोकं. तुमचे बहुतेक रोल याच मापाचे असणार.

आता एक चूक सांगते, माझीच. मी पुण्यात मोडी कागदांवर हात बसवून मग परदेशात एका संग्रहात लागले होते. कागद हाताळता येतो याची घमेंड होती. पहिल्याच वर्षी एक दुर्मीळ रोल “जरा ऐकून बघू” म्हणून वाद्यावर चढवला. वाद्य कागद सरळ रेषेत धरत नव्हतं, डावी कड फिरकीच्या चकतीवर घासत गेली आणि मी थांबवेपर्यंत चार फूट कड झालरीसारखी फाटली होती. वर घाबरून मी उलट गुंडाळायचा खटका ओढला. उलट गुंडाळताना कागद कितीतरी वेगाने धावतो, म्हणून उरलेलं फाटणं तेव्हा झालं. ती कड दुरुस्त करायला मला सहा दिवस लागले. तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी ओळख, मग सफाई, मग प्रतिमा, आणि वाजवणं सगळ्यात शेवटी.

ओळखीला फुटपट्टी पुरते. 11¼ इंच रुंद आणि फिरकीच्या टोकांना खाचा असतील तर नेहमीचा 88 सुरांचा रोल. टोकांतून खिळे बाहेर आलेले असतील तर तो बहुधा जुना, 65 सुरांचा, इंचाला 6 भोकांचा. तो तुमच्या वाद्यावर बसणारही नाही, बळजबरी करू नका. डबीवर किंवा तोंडावरच्या लेबलवर ‘ड्युओ-आर्ट’ किंवा ‘अँपिको’ (वादनाचा जोरही भोकांत लिहिणाऱ्या पद्धती) असेल तर तो वेगळा काढा. आणि ते लाल, रुंद वीस रोल मोजा. रुंदी 12⅞ इंच भरली तर ते जवळजवळ नक्की वेल्टे-मिन्यॉनचे आहेत. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने 1904 मध्ये ही तशीच जोर लिहिणारी पद्धत आणली, तिचा अमेरिकेतला कारखाना न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला होता. तुमच्या संग्रहातला सगळ्यात मोलाचा भाग तोच, आणि तुमच्या वाद्यावर तो कधीच वाजणार नाही. म्हणजे “एकदा वाजवून मुद्रण करा” हा बेत नेमका त्याच ठिकाणी कोसळतो.

सफाईबद्दल फार लिहीत नाही. मऊ कोरडा ब्रश, स्वच्छ टेबल, वर्तमानपत्र अंथरायचं नाही, शाई लागते. बुरशीचा वास येणारे रोल बाकीच्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत. सैल झालेला रोल टोक ओढून घट्ट करायची सवय सगळ्यांनाच असते. ती सोडा, कारण थरावर थर घासून धूळ कागदात रुतते आणि कडा मुडपतात. पूर्ण उलगडून हलक्या हाताने पुन्हा गुंडाळा. चिकटपट्टी कुठेच लावायची नाही. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी प्रेमाने लावलेली चिकटपट्टी काढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ, तीही भोकात न उतरेल इतकीच. 1920 नंतरच्या दशकातला स्वस्त अमेरिकी कागद आंबट होऊन पापडासारखा झालेला असतो. तो दुमडून बघायचा मोह टाळा. दमटपणाचं मात्र लक्षात ठेवा: हवा दमट झाली की कागद रुंदीला फुगतो आणि भोकं बारच्या भोकांपासून सरकतात. तळघर ही या वस्तूसाठी सगळ्यात वाईट जागा. वरच्या मजल्यावर, एकसारख्या हवेत, आडवे ठेवा.

तोंडाच्या पहिल्या दोन फुटांवर शिक्के, पेन्सिलीच्या खुणा, दुकानाची चिठ्ठी, मालकाची सही असेल. त्यातलं काहीही पुसू नका. स्वित्झर्लंडमध्ये सेवेन गावी यांत्रिक वाद्यांचं संग्रहालय आहे. तिथल्या वेल्टेच्या मोठ्या ऑर्गनची दुरुस्ती चालू असताना 2007 मध्ये आतल्या भागांवर ‘ब्रिटानिक’ हे नाव सापडलं, आणि हे वाद्य टायटॅनिकच्या धाकट्या भावंडासाठी, ब्रिटानिक जहाजासाठी बांधलं गेलं होतं हे उलगडलं. जहाज युद्धात रुग्णालयासाठी घेतलं गेलं आणि 1916 मध्ये एजियन समुद्रात बुडालं, ऑर्गन जमिनीवरच राहिला. एवढी कथा एका शब्दावर उभी आहे, आणि तो शब्द कोणी खरवडून साफ केला नाही म्हणून ती कळली.

आता प्रतिमा. हा खरा गाभा आहे, म्हणून इथे थोडी जास्त थांबते.

नेहमीचा सपाट स्कॅनर चालत नाही. कागद रुळांवरून एकसारखा सरकत जातो आणि तो ओळीओळीने वाचणारा कॅमेरा असतो, अशी खास मांडणी लागते. अशा यंत्रांवर 300 ठिपके प्रति इंच हे माप रूढ आहे, आणि त्याचा अर्थ काढून बघण्यासारखा आहे. रोलवर वेग छापलेला असतो. ‘टेंपो 80’ म्हणजे मिनिटाला 8 फूट. म्हणजे सेकंदाला 1.6 इंच, म्हणजे प्रतिमेच्या 480 ओळी. एक ओळ सुमारे दोन सहस्रांश सेकंदाची. दोन हातांच्या बोटांमधला सूक्ष्म फरक टिपायला हे भरपूर झालं. 40 फुटांच्या रोलची रंगीत प्रतिमा कच्च्या रूपात सुमारे दीड गिगाबाइट होते. तुमचे सगळे 430 एका टेराबाइटच्या डिस्कवर मावतील. जागा नाही असं म्हणणाऱ्या वरिष्ठांना हा आकडा आवडेल, पण त्यापुढे “मग आता कागद टाकू या” असं ते म्हणतील, तेव्हा पुढचा परिच्छेद वाचून दाखवा.

प्रतिमा रंगीतच हवी. काळ्यापांढऱ्यात भोकं दिसतात, बाकी सगळं मरतं. एओलियन कंपनीच्या मेट्रोस्टाइल रोलवर एक लाल वळणदार रेषा छापलेली असते. वाजवणाऱ्याने वेगाचा दांडा हातात धरून त्याचा काटा त्या रेषेवर चालवायचा, की लय आपोआप ताणली आणि सैल होई. गाण्याचे शब्द उजव्या कडेला खालून वर छापलेले असतात, घरातल्या मंडळींनी गावं म्हणून. कागदाचा पोत, पाण्याचे डाग, दुरुस्तीचे ठिगळ, हेही सगळं पुरावा आहे. आणि ठिगळाने बुजलेलं भोक प्रतिमेत दिसत नाही. शंका आली की कागदच उजेडात धरावा लागतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने ऑस्ट्रेलियातल्या डेनिस काँडन यांचा सात हजारांहून मोठा रोल-संग्रह 2014 मध्ये घेतला आणि त्यासाठी असं यंत्र उभं केलं. प्रतिमेतून भोकं वाचणारी त्यांची प्रणाली सगळ्यांना खुली आहे, रोल संगणकावर ऐकण्याचं साधनही. तुम्हाला शून्यातून काही करायचं नाही. जवळच्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाशी बोला, स्कॅनिंग त्यांच्याकडून करून घ्या.

भोकं वाचणं दिसतं तितकं सोपं नसतं. लांब सूर पुष्कळदा एका लांब चिरेने पाडलेला नसतो, कागद कमजोर होऊ नये म्हणून लहान भोकांची साखळी असते. संगणकाला सांगितलं नाही तर तो एक सूर चाळीस वेळा वाजवतो (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सतारीचा झाला चालू आहे). बारच्या भोकालाही स्वतःची लांबी असते, त्यामुळे सूर कागदावरच्या भोकापेक्षा थोडा जास्त वेळ वाजतो, तेवढी भर घालावी लागते. तिसरी गोष्ट वेगाची. ओढून घेणारी फिरकी ठरावीक गतीने फिरते, पण तिच्यावर कागद चढत जातो तसा घेर वाढतो आणि कागद जोरात ओढला जातो. समजा फिरकीचा व्यास 2 इंच, कागद इंचाच्या तीन सहस्रांश जाडीचा आणि रोल 40 फुटांचा. शेवटी वेग सुरुवातीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने वाढलेला असतो. भोकं पाडताना हा फरक धरला होता का, हे प्रत्येक कंपनीच्या बाबतीत स्वतंत्रपणे तपासावं लागतं. ते न तपासता “जुने वादक शेवटाकडे लय वाढवत” असं लिहिणारे अभ्यासक मी पाहिले आहेत.

म्हणून माझा नियम असा: एका रोलच्या आत, शेजारशेजारच्या मापांची तुलना पक्की असते. आख्खा तुकडा किती मिनिटांचा, हे कच्चं असतं. याचं उत्तम उदाहरण फ्रेंच संगीतकार देब्यूसी. ‘बुडालेलं कॅथेड्रल’ हा त्याचा प्रेल्यूड (पियानोसाठीची छोटी रचना) 1910 मध्ये छापला गेला. छापील स्वरलिपीप्रमाणे वाजवला तर मधले काही भाग ओढल्यासारखे संथ होतात. पण देब्यूसीने स्वतः वेल्टेसाठी केलेल्या रोलमध्ये ते भाग जवळपास दुप्पट वेगाने येतात, म्हणजे आधीच्या भागातल्या अर्ध्या मात्रेएवढी तिथली मात्रा. छपाईत ही सूचना राहूनच गेली होती. आता बघा, हा निष्कर्ष काढायला वाद्य कुठलं होतं, वेग किती लावला, नाद कसा होता, काही लागत नाही. एकाच कागदावरच्या दोन जागांची लांबी फुटपट्टीने मोजली तरी पुरे. रोलच्या अभ्यासाची ताकद अशा ठिकाणी आहे.

जर्मन पियानोवादक कार्ल रायनेके 1824 मध्ये जन्मला होता, आणि त्याचं वादन 1905 मध्ये वेल्टेने रोलवर घेतलं. त्या पिढीतले वादक डावा हात जरा आधी आणि उजवा मागून टाकत, सुरांचे गुच्छ उलगडून वाजवत. ते त्या कागदावर डोळ्यांनी दिसतं. संगीतकार माहलरने 9 नोव्हेंबर 1905 रोजी लाइप्सिगमध्ये चार रोल केले. त्याच्या वादनाचा दुसरा कुठलाच माग उरलेला नाही. असं काही हाती लागलं की माणसाचा तोल जातो आणि तो म्हणू लागतो, “हे बघा, माहलर असा वाजवत असे.” बोटं कधी पडली, हे बऱ्याच अंशी कळतं. बोटं किती जोरात पडली, हे कळलं असं म्हणताना मी तरी अडखळते.

कारण जोराची गोष्ट निराळी आहे. पियानोलाच्या साध्या रोलमध्ये जोर नसतोच. तो पाय मारणाऱ्याने भरायचा, पायपेटी वाजवणारा भात्याने दम देतो तसा. म्हणून साधा रोल मोटारीने फिरवून केलेलं मुद्रण सपाट येतं आणि ऐकणारे म्हणतात, यंत्रच ते. वेल्टे, ड्युओ-आर्ट, अँपिको या पद्धतींनी कडेच्या भोकांतून जोरही लिहिला, पण तिघांची लिपी वेगळी. ड्युओ-आर्टमध्ये चार भोकं, त्यांची किंमत 1, 2, 4 आणि 8. बेरीज करून शून्य ते पंधरा असे सोळा टप्पे. संगणकाच्या आधीची ही संगणकी गणितं बघून मला अजून मजा वाटते. वेल्टेचं तसं नाही. तिथे एक भोक “चढायला लाग” म्हणतं आणि दुसरं “थांब” म्हणतं. मधल्या काळात भाता किती वर चढला, ते त्या वाद्याच्या चामड्यावर आणि झडपांवर ठरतं. एक झडप जरा गळकी असेल तर पुढचा सगळा जोर घसरत जातो. आणि ही माहिती मुळात वादकाच्या बोटांतून किती आली आणि संपादकाच्या टेबलावर किती घातली गेली, हाही प्रश्न आहेच. ड्युओ-आर्टमध्ये वादन चालू असताना एक जाणकार शेजारी बसून चकत्या फिरवत जोर नोंदवायचा. अँपिकोने पुढे हातोडीचा वेग मोजायची विजेच्या ठिणग्यांची पद्धत काढली. वेल्टेने आपली नोंदणी कशी चाले ते गुपित ठेवलं, आणि नोव्हेंबर 1944 मध्ये फ्रायबुर्गवर बाँब पडले तेव्हा कारखानाच गेला. चुकीचे सूर तर सगळेच दुरुस्त करत. चूक भोकाची असेल तर चिकटवायचं, हवं तिथे नवीन पाडायचं, इतकं सोपं होतं ते.

म्हणून दोन फायली वेगळ्या ठेवा. एक कागदावरच्या भोकांचं निव्वळ मापन, त्यात काहीही “सुधारलेलं” नाही. दुसरी जोर घालून ऐकण्यासारखी केलेली, आणि तिच्यासोबत कुठले आकडे धरले त्याची नोंद. ध्वनिमुद्रण तिसरं, चांगल्या दुरुस्त वाद्यावर, वाद्याचं नाव-गाव लिहून.

यादी करताना डबीवर विश्वास ठेवू नका. डब्या शंभर वर्षांत घरातल्या पोरांनी अदलाबदल केलेल्या असतात. नोंद रोलच्या तोंडावरून करायची, क्रमांकासकट. वादकाचं छापील नावही जसंच्या तसं लिहा, पण त्याला सत्य मानू नका. अमेरिकी संगीतकार गर्शविन तरुणपणी रोल करत असे तेव्हा बर्ट विन, फ्रेड मर्था अशी खोटी नावं घेई, म्हणजे कंपनीच्या यादीत वादक जास्त दिसत. क्यूआरएस या रोल कंपनीचा जे. लॉरेन्स कुक तर हजारो रोल तयार करणारा माणूस, त्याचीही नावं अनेक. ‘हाताने वाजवलेला’ असं छापलेले कित्येक रोल टेबलावर पट्टी-पेन्सिलीने आखलेले आहेत. अमेरिकी संगीतकार जॉप्लिनचे 1916 चे रोल घ्या. त्याच्या हाताचा तेवढाच माग उरला आहे, पण त्यातल्या काहींवर संपादकाने इतकी सजावट चढवली आहे की वादक शोधावा लागतो.

दोन प्रती असतील तर दोन्ही ठेवा. भोकं पाडणारं यंत्र कागद ठरावीक पावलांनी पुढे ढकलत असे. दोन प्रती मोजल्या की ते पाऊल सापडतं, आणि पाऊल सापडलं की मूळ नमुन्यातली सुराची जागा परत मांडता येते, एका प्रतीतली चूकही उघडी पडते.

हक्कांचं एक वाक्यात: अमेरिकेत 95 वर्षांपूर्वी छापलेल्या रचना मोकळ्या झाल्या आहेत, तुमचा बराचसा संग्रह त्यात बसेल, नंतरचे रोल वेगळे काढा. गंमत म्हणजे 1908 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की रोल ही स्वरलिपीची प्रतच नव्हे, कारण माणसाला ती वाचता येत नाही. संगीतकारांना दमडी मिळेना. मग 1909 च्या कायद्याने रोलमागे दोन सेंट ठरवले.

या आठवड्यात तुम्ही करायचं एवढंच: सगळे रोल तळघरातून वर आणा, फुटपट्टी घेऊन रुंदी आणि फिरकीची टोकं बघून तीन ढीग करा, आणि त्या लाल वीस रोलचं फक्त तोंड, दोन फूट, डबीच्या लेबलासकट फोटो काढून पाठवा. त्याच्या पुढे उलगडू नका. एखाद्याची फिरकी हलवल्यावर आत खुळखुळ वाजली तर त्यावर खूण करा, चकती निखळली असेल, तो मी आधी बघते.